ओ

डॉक्टरीणबाईंनी मला घेतलं ते रेडिओवाला म्हणून.
मॉन्तेव्हिदेओत, गोएसच्या बाजारामागे माझं दुकान होतं:
व्हॉल्व्हचे डबे, एक स्टूल, आणि दिवसभर खरखर.
"खरखरीतून आवाज वेगळा काढता येतो ना तुम्हाला?
मग या."
एवढीच मुलाखत.

जुलैची रात्र. नदीवरचा गार वारा
प्रसूतिगृहाच्या खिडक्यांच्या फटी चाचपत होता.
खाटेवर निबिया, शिवणकामवाली,
अंगठ्याला सुईच्या खुणा, जन्मापासून बहिरी.
नवराही तसाच. तो बाहेर बाकावर,
काखेत थर्मास, हातातला माते केव्हाच पाणचट झालेला.
मधे उभी तिची बहीण, सुली,
हातांचं तोंडात आणि तोंडाचं हातांत आणणारी.

पाणमोट फुटली होती. जेवढं डोकं हाताला लागत होतं
तेवढ्यावर बाईंनी दोन चकत्या बसवल्या,
शर्टाच्या गुंडीएवढ्या.
पोटावर मी स्पीकर धरला.
टक्.

पेन थरथरलं. पण ते आधीपासून थरथरतच होतं.
गोम इथेच आहे.
एका हाकेची ओ ऐकू येत नाही.
आईचे स्नायू, वरच्या मजल्यावरची लिफ्ट,
बाळाचं स्वतःचंच काळीज,
सगळे एकदम बोलत असतात.
म्हणून हाक मारायची शंभरदा, सव्वाशेदा,
आणि सगळ्या रेघा एकीवर एक रचायच्या.
जे उगाच बडबडत होतं ते आपसात फिटून जातं.
जो खरंच ओ देतो, तो दर वेळी
त्याच ठिकाणी देतो.
तेवढाच उरतो.

कळ आली की उंचवटा सपाट व्हायचा.
बाई घड्याळ बघायच्या, मी बघायचो नाही.
कळ ओसरली की पुन्हा, जरा उशिरा, जरा बुटका,
पण यायचा.

"ती विचारतेय," सुली म्हणाली,
"ऐकू येतं का त्याला?"
मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागदाकडे.
कोणतं उत्तर तिला हवं आहे
हे आम्हा दोघांपैकी कुणाला ठाऊक होतं?
मी कागद फाडून तिच्यापुढे धरला.
तिने उंचवट्यावरून बोट फिरवलं,
कापडाची चुणी तपासावी तसं,
मग बराच वेळ हात हलवत राहिली.
"म्हणतेय, मग इतके महिने याने ऐकलं तरी काय?
आमच्या घरात तर काहीच नसतं."

"मशीन," मी म्हणालो. "शिवणाचं मशीन."

सुलीने सांगितलं. निबियाचे हात हवेत थांबले.
मशीनला आवाज असतो?
तिच्यासाठी ते तळव्यांतलं थरथरणं होतं,
टाचेतून गुडघ्यात चढणारं.
मोठा असतो का? कसा?
सुली दोन्ही मुठी घेऊन अडून राहिली,
आणि निबिया हसली.

तिचं हसणं मी सांगू शकत नाही.
ते तिने कधी ऐकलेलं नाही,
म्हणून त्याला कुणी वळण लावलेलं नाही.
रात्रपाळीची इर्मा दारात येऊन उभी राहिली.
पेन उडालं, कागदाच्या पार कडेपर्यंत.
स्पीकर बंद होता तेव्हा.

बाई म्हणाल्या, खाट हलली असेल.
असेल. एका हाकेची ओ आम्ही धरत नाही,
नियम मीच पाठ केलाय.
तरी त्या जागी पेन्सिलीने एक टिंब केलं
आणि वेळ लिहिली: दोन वाजून चाळीस.

मुलगी झाली तेव्हा उजाडलं नव्हतं.
तोंड उघडलेलं निबियाला दिसलं,
तिने सुलीकडे पाहिलंही नाही.
बाळाच्या पाठीवर तळहात ठेवला, रडणं हाताने घेतलं,
आणि चादरीखाली तिची उजवी टाच
खालीवर होऊ लागली,
पायडल मारावं तशी.